बाबांचं चालणं

नाही, पण हसण्यासारखं काय होतं त्यात, मला सांगा! एक माणूस स्टेजवर चालतोय. नुसता चालतोय. तोंडानं चकार शब्द नाही, कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही, पँट सुटत नाही… आणि अख्खं सभागृह पोट धरून हसतंय! माझंच चुकलं, तुम्हाला सांगतो, शंभर टक्के माझंच चुकलं, पण आधी ऐकून तर घ्या.

मी नृत्य शिकलोय. संध्याकाळच्या क्लासला वगैरे जाऊन नाही, विद्यापीठात, परदेशी राहून, रीतसर पदवी. मुख्य विषय नृत्य. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता झोपेतही म्हणेन, पण आमच्या आत्याच्या काही ते गळी उतरत नाही. ती विचारते, "ते कळलं रे, पण विषय कोणता?" म्हटलं, नृत्यच. मग ती आवाज खाली आणते, घरात कुणी आजारी असल्यासारखा, आणि विचारते की परीक्षेत काय करावं लागतं. म्हटलं, नाचावं लागतं, आत्या, पण लेखी पेपरही असतो. लेखी आहे म्हटल्यावर तिचा जीव जरा भांड्यात पडला.

आणि आमचे बाबा! बाबांची बेकरी आहे. आता तुम्ही म्हणाल, बेकरीवाल्याचा मुलगा नाचायला निघाला म्हटल्यावर घरात केवढा तमाशा झाला असेल… काही नाही! एका शब्दानं विरोध नाही. अहो, बाप म्हणून थोडं ओरडायचं, दोन दिवस अबोला धरायचा, काहीतरी करायचं ना! तेवढं केलं असतं तर आज मला एवढं लागलं नसतं. पण हे आपले ब्रेड कापता कापता गिऱ्हाइकांना सांगणार, मुलगा नृत्य शिकतो म्हणून, आणि तेही असं, जसं काही पोरगा बँकेत लागलाय.

तर तिकडे गेलो, आणि पहिल्या सत्रात आम्हाला काय शिकवलं? चालायला! अहो, चालतच तर आलो होतो वर्गात! आमच्या बाई अशा शिडशिडीत, केस बारीक कापलेले, आवाज कधी चढायचा नाही, त्या म्हणाल्या, "तुम्ही चालत नाही. तुम्ही फक्त पोचता." झालं! त्या दिवसापासून मला रस्त्यात माणसं दिसेनाशीच झाली, नुसती चालणी दिसायला लागली. कोण टाचेवर चालतं, कोण मान पुढे पाठवून मागून अंग नेतं… आणि शेवटच्या वर्षी बाई म्हणाल्या, तुमच्या अगदी जवळच्या माणसाची हालचाल घेऊन या.

आता माझ्या डोळ्यांसमोर कोण येणार? बाबा! डाव्या खांद्यावर आयुष्यभर ट्रे वाहिल्यामुळे तो खांदा कायमचा उतरलेला. फरशीवर पीठ सांडलेलं असतं, पाय घसरू नये म्हणून चप्पल उचलायची नाही, सरकवायची… सर्र, टप, सर्र, टप. दोन्ही हात अडकलेले, म्हणून भट्टीचं दार कमरेनं लोटायचं, तेही मागे न बघता. मी ते वसतिगृहाच्या जिन्यात घोटलं, गच्चीवर घोटलं. इतर पोरं घरची आठवण आली की फोन करायची, मी बाबांसारखा चालायचो. शेवटी सादर केलं. संगीत नाही, काही नाही, नुसतं चालणं. तुम्हाला सांगतो, लोक रडले! बाबांना ज्यांनी जन्मात पाहिलं नाही, ती माणसं डोळे पुसत होती! आणि म्हणून मला वाटलं… माझंच चुकलं हो, पण वाटलं.

परत आलो तो हेच डोक्यात घेऊन. श्रम हेच नृत्य! माणसाला त्याच्याच शरीराची ओळख करून द्यायची! स्टेशनवर न्यायला आलेल्या बाबांना मी बॅग खाली ठेवायच्या आत हे ऐकवलं, आणि ते म्हणाले, बरं, आधी जेवून घे.

मग आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांचं संमेलन आलं. बाबा आपण होऊन अध्यक्षांकडे गेले, म्हणाले, आमच्या मुलाचा कार्यक्रम ठेवा. अध्यक्ष म्हणजे आमच्या बेकरीसमोरचे, चष्म्याच्या दुकानाचे चष्मेवाले. ते मला विचारतात, गाणं कोणतं? म्हटलं, गाणं नाही. पोशाख? म्हटलं, बाबांचा ॲप्रन. तर नाकावरचा चष्मा वर सरकवून म्हणतात कसे, "म्हणजे गमतीचा कार्यक्रम." मी त्यांना श्रमाचं सौंदर्य तिथेच उभ्या उभ्या समजावलं, तर म्हणाले, चालेल, बक्षीस समारंभाच्या आधी आटपा.

आणि बाबांना मी काही सांगितलं नाही. म्हटलं, एकदम दाखवू. विचारायला हवं होतं ना? ज्याचं चालणं त्याला विचारायला नको? पण तिकडे विचारावं लागलं नव्हतं, तिकडे कोण होतं ओळखीचं!

बाबा पहिल्या रांगेत, नवा शर्ट, शेजारी आई. मी आलो. खांदा उतरला, चप्पल सरकली… सर्र, टप… आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपला बेकरीवाला!" जो हशा उसळला, जो उसळला… आणि मी शहाणा काय समजतोय? ओळखलं! लोकांनी ओळखलं! कला पोचली! आणि मग… हे मी अजून आईलाही नीट सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतोय… हशा कानावर पडला ना, की अंगात काहीतरी शिरतं हो. मी थोडं वाढवलं. खांदा जरा जास्त पाडला. कमरेचा तो धक्का एकदा द्यायचा, तो पुन्हा पुन्हा दिला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते! आणि बाबा हात वर करून टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या वाजवता वाजवता आजूबाजूला बघत होते, कोण कोण हसतंय ते.

घरी आलो. दाराशी चपला काढताना बाबा एवढंच म्हणाले, "मला माहीत नव्हतं रे, मी असा दिसतो."

रागावून नाही. माहिती मिळाल्यासारखं.

आणि दुसऱ्या दिवसापासून बाबा सरळ चालायला लागले! ताठ! कवायतीला उभं केल्यासारखे! आता ट्रेला त्या खांद्याचा उतार ठरलेला, आणि हे खांदा उचलून धरणार, तर ट्रे राहणार कसा? पहिल्याच सकाळी गरमागरम बन सगळ्या फरशीभर. गिऱ्हाइकं तर काय, त्यांना फुकटची करमणूक, म्हणतात, काका, तो दाराचा धक्का दाखवा ना, पोरानं मारला तसा! बाबा हसतात त्यांच्याबरोबर. पण कमरेनं दार लोटणं बंद, हातानं लोटायला गेले, तळहात भाजला. एवढ्या वर्षांत जो माणूस भट्टीपाशी कधी भाजला नाही तो! आई मलम लावत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू त्यांचं जे नेलंस ना, ते परत दे."

परत दे! काय कपाटात ठेवलंय का मी ते!

तरी गेलो. म्हटलं, आपण शिकलेली माणसं, समजावू. बाबांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की बाबा, तुमचं चालणं सुंदर आहे, त्यात तुमचं सगळं आयुष्य आहे, तिकडे लोक रडले ते बघून. त्यांनी सगळं ऐकलं, डॉक्टरचं ऐकावं तसं, आणि विचारलं, "सुंदर होतं, तर इथे हसले का?"

म्हटलं, "मी वाढवलं होतं, बाबा."

"किती?"

"थोडं."

"मग बाकीचं माझंच ना?"

सांगा आता! लेखीला असा प्रश्न कधी आला नव्हता. माझंच चुकलं म्हणालो, ते म्हणाले, वेडा आहेस, लोकांना आवडलं की, आणि उठून सरळ चालत आत गेले. चौकटीवर खांदा आपटला.

मग एकदा माझ्या लक्षात आलं. मी काउंटरपाशी होतो, भिंतीकडे तोंड करून पिशव्या लावत होतो, दुकानात दुसरं कुणी नव्हतं… आणि मागून आवाज आला. सर्र, टप. सर्र, टप. अहो, तेच चालणं! वळून बघावंसं वाटलं, इतकं वाटलं… आणि मी वळलो! माझंच चुकलं! वळलो तसे ते ताठ झाले, ट्रे कलंडला, दोन ब्रेड खाली.

तेव्हापासून मी वळत नाही. मला विद्यापीठानं बघायला शिकवलं, त्याचीच पदवी दिली, आणि आता माझं काम काय, तर बाबांनी ट्रे उचलला की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. ट्रे पडत नाही. भट्टीचं दार धाडकन लागतं, म्हणजे कमरेनंच लोटलं असणार. जगात ते चालणं माझ्याइतकं कुणाला आवडत नसेल, आणि मीच तेवढा ते बघायचं नाही.

परवा ते चष्मेवाले अध्यक्ष आले, मला कोपऱ्यात तसा उभा बघितला आणि बाबांना विचारलं, याला काय झालं, भिंतीशी काय बोलतो का हा?

बाबा आतून म्हणाले, "काही नाही, प्रॅक्टिस चालू आहे त्याची."