क्लच असलेली शेवटची

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं मोठ्याने बोल, इथे मागे कुणीतरी गाडी धुतंय, पाण्याचा नुसता धबधबा लागलाय… हां, आता आलीस. बोल धाकटे.

कुठे म्हणजे? शोरूममध्ये… गाड्यांच्याच, मग काय पलंगांच्या?… नाही, अजून सही केलेली नाही… हो, करणार… आज म्हणजे आजच. मॅनेजर आत कागद आणायला गेलाय आणि मी सोफ्यावर बसलेय. सोफा इतका मऊ आहे की उठवायला दोन माणसं लागतील.

पण तुला कळलं कसं?… थांब, सांगूच नकोस. आमच्या चिरंजीवांनी लावला ना फोन?… 'मावशी, तूच समजाव आईला, ती तुझं ऐकते.'… बघ! शब्द न् शब्द! अगं पोटचा पोर आहे तो, त्याची वाक्यं मला त्याच्याआधी ऐकू येतात. आणि मी तुझं कधी ऐकलंय गं?… कधी?… बरं, पडद्यांच्या वेळी ऐकलं. ते पडदे बघून मला अजून चीड येते.

हो, हो… अगं ऐक ना… ऐक ना माझं आधी!

लाल… लालच… शोभत नाही म्हणजे? कोणाला, गाडीला की मला?… दोन सीट. हो, दोनच… दारंही दोनच. दोन माणसांना चार दारं कशाला, वारा खायला?

चालवून बघायला ठेवलेली असते ना, ती… हो, तीच घेतेय. नंबर आहे, सगळं आहे. तेवढी एकच उरलीय या मॉडेलची. कारखान्यातून आता यायची नाही दुसरी… पैसे माझे. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं, त्याचे. त्यावर बोलायचं नाही.

अगं माहितीये मला नवं मॉडेल येतंय!… पुढच्या वर्षी, माहितीये… तुझ्या लेकानं पाठवले ना फोटो. सकाळपासून फोन नुसता थरथरतोय. पुढून, मागून, वरून, खालून. खालून कशाला काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक… हुशार आहे गं, मी कुठे नाही म्हणतेय? पण त्याला स्वतःला गाडी येते का?… नाही ना? मी शिकवते म्हटलं तर तीन वर्षं 'येतो मावशी, येतो मावशी' करतोय. मग सांग त्याला, उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

बोल, बोल. पाठ करून आलीयस वाटतं… गिअर टाकायला नको. बरं… क्लच नाही. बरं… मागे दोन छोट्या सीट. बरं… आणि?… समोर कोणी आलं की गाडी आपणहून ब्रेक लावते… रस्त्यावरच्या पट्ट्याबाहेर गेली की वाजते… डुलकी लागली की ओरडते…

अगं, ती मी आहे!… मीच की! लग्न झाल्यापासून मी दुसरं केलं काय? शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, समोर कोणी आलं की आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा, पट्ट्याबाहेर गेला की ओरडायचं. माझी अख्खी नोकरी त्यांनी त्या डब्यात बसवली आणि आता ती मलाच विकायला निघालेत! नको मला. माझ्यावर डाफरायला आणखी एक मास्तरीण कशाला? एक आहे की फोनवर.

हसलीस!… हसलीस गं, मला ऐकू आलं.

बरं, परवाची गंमत सांगते. पण कोणाला बोलायचं नाही… चिरंजीवांना तर मुळीच नाही… शपथ?… हं. परवा मी चालवून बघायला आले. इथला मॅनेजर कोण निघाला असेल? आपला 'तीनदा नापास'!… हो गं, तोच! रिव्हर्स घेताना डोळे मिटून घ्यायचा तो! आता टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पण मला बघितलं आणि शाळेतल्यासारखा ताठ उभा. त्याने किल्ली दिली माझ्या हातात. मी आपली ऐटीत गेले, दार उघडलं, बसले, पट्टा लावला आणि म्हटलं, "हं, आरसे बघ. न्यूट्रल आहे का बघ. कर चालू."

अगं, शेजारच्या सीटवर बसून!… हो! किल्ली माझ्या मांडीवर, पाय खाली ब्रेक शोधताहेत, आणि स्टिअरिंगपुढे माणूसच नाही… ऐक, पुढचं ऐक. तो काय करेल? तो निमूट फिरून आला, स्टिअरिंगपुढे बसला आणि आरसे बघायला लागला! "जी मॅडम" म्हणाला वर. आम्ही दोघं बसलोय तसेच… मग हळूच म्हणतो, "मॅडम, गाडी तुम्हाला घ्यायचीय ना?"

हस, हस, पोट धरून हस. मीही हसले तिथे.

घरी आल्यावर मात्र नाही आलं हसू… रडले… हो, रडले, त्यात लपवायचं काय? जिन्याच्या पायरीवर बसून रडले, वरची बाई दूध घेऊन खाली आली तरी उठले नाही. अगं, अख्ख्या गावाच्या हातात मी गाडी दिली. डॉक्टर, नर्स, बेकरीवाला, त्याच्या दोन्ही मुली. आणि मी कधी बसले त्या सीटवर? गाडी गॅरेजला सोडायची असली तर. मैदान, पूल, सिग्नल, आणि वळून पुन्हा मैदान. सिग्नलच्या पलीकडची गावं मी पाटीवर वाचलीयत नुसती.

गुडघा?… माहितीये मला गुडघ्याचं. माझ्याच पायात आहे तो… डॉक्टर म्हणाले, हो… 'क्लच कमी करा' म्हणाले. कमी करा! बंद करा नाही म्हणाले. नीट ऐकलंय मी.

हो गं, कबूल. नव्या गाडीत क्लच नाही, डाव्या पायाला आराम. एकदम कबूल. शहाण्या माणसानं तीच घ्यावी. पण मला एक सांग, हा गुडघा झिजला कशानं?… वयानं नाही! वय तुझंही झालंय, तू जिने चढतेस की टणाटणा. हा झिजला लोकांच्या क्लचवर. त्यांनी धाडकन सोडायचा आणि मी माझ्या बाजूनं दाबायचा. गचके त्यांचे, पाय माझा. आता थोडासा उरलाय. तो उरलेला तरी माझा की नाही?… माझा ना? मग तो मी माझ्या क्लचवर झिजवणार.

…नाही, 'पुढच्या वर्षी' नाही. पुढच्या वर्षी हा पाय क्लच दाबेल की नाही, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. आणि दाबला तरी दाबायला क्लच कुठाय? हवी तर आज, नाहीतर विषय संपला कायमचा. एवढं साधं आहे गं, तुम्हाला कोणालाच कसं कळत नाही?… आणि पाय ज्या दिवशी नाही म्हणेल, त्या दिवशी मी आपणहून किल्ली ठेवेन. कोणाला मागावी लागणार नाही. ब्रेक कधी लावायचा ते मला नका शिकवू.

आणि थांब हा शब्द तर काढूच नकोस. कान किटले माझे. तुझे भाऊजी काय करायचे? फ्रिज घ्यायचा, 'थांब, नवा येतोय.' कपडे धुवायचं मशीन, 'थांब, याच्यापेक्षा चांगलं येतंय.' मी इतकी वर्षं हातानं पिळत होते. म्हटलं, चार दिवस समुद्रावर जाऊन येऊ. 'थांब, नवी गाडी आली की तिनेच जाऊ.' आली नवी गाडी. तोवर हेच नव्हते… नाही, रडत नाहीये. राग येतोय मला. माणूस गेला तरी राग येतो त्याचा, काय करू?

मागच्या सीटचं काय?… कोणासाठी?… आता कशी मुद्द्यावर आलीस! चिरंजीवांच्या बाळासाठी.

अगं, मागे सीट असली की तिच्यावर कोणीतरी बसणारच. आज बाळ, उद्या बाळाची बॅग, परवा सूनबाईंचं सामान, मग 'आई, जाता जाता दवाखान्यात सोडा', 'आई, येता येता पाळणाघरातून आणा'. सहा महिन्यांत त्या स्पोर्ट्स कारची शाळेची बस होईल… गोड आहे गं बाळ! जीव आहे माझा त्याच्यावर. भेटायला जाईन, अंगाखांद्यावर खेळवीन. पण लेकानं-सुनेनं परस्पर ठरवून टाकलं. स्कूल बंद झालं, आई मोकळी झाली, आणून बसवू तिला घरी. विचारलं मला?… कोणी विचारलं?… खोली रंगवलीय, हो. बघून आले ना. छान रंग आहे. पाळणा मध्ये आणि शेजारी माझा पलंग. पुन्हा शेजारीच!

…नाही, मी कोणाच्या विरुद्ध नाही. मला फक्त… हॅलो?… आहेस ना गं?… हॅलो?

काय झालं?… नाक ओढतेस ते ऐकू येतंय… घाबरलीस? कशाला?… 'तुला काही झालं तर मी भांडू कोणाशी?'… वेडी कुठली… अगं वेडाबाई… ऐक. हळू चालवीन, बस?… बरं, नाही चालवणार हळू, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण नीट चालवीन. माझ्याइतकी नीट गाडी इथं कोणी चालवत नाही, आणि ते तुला माहितीये… डोळे पूस आधी.

थांब, मॅनेजर आला… हं, द्या पेन. कुठे?… इथे?… काय?… काय म्हणालात?… धाकटे, ऐकलंस? आमच्या चिरंजीवांनी इथे शोरूमला फोन लावलाय! आत्ता! यांच्या हातातल्या फोनवर तोच आहे!… 'आईला सही करू देऊ नका, आम्ही नवं मॉडेल बुक करतो तिच्या नावानं, सगळे पैसे आम्ही देतो.'… ऐकलंस? तू पुरी पडली नाहीस, म्हणून लगेच दुसरा मोर्चा!

नाही, माझ्याकडे देऊ नका तो फोन… नको म्हटलं ना… तुम्ही काय सांगितलंत त्याला?… धाकटे, हा काय म्हणतो बघ. म्हणतो, "मी सांगितलं, मॅडमना अडवायची माझी छाती नाही."… शाबास! झालास पास!… अगं, लाजला. एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला.

इथे… आणि खाली… हं. झाली… हो गं, झाली सही… काही वाटत नाहीये… हात द्या हो मॅनेजर, हा सोफा काही सोडत नाही मला… उठले.

चालतेय, चालतेय… पायऱ्या आहेत… गुडघा ठीक आहे, तो गप्प बसलाय… उघडलं दार… हां. बसले… अगं, केवढी खाली आहे! सगळं जग कमरेपासून सुरू होतंय… चालू करते, ऐक… आलं ऐकू?… पुन्हा ऐक… आता रडू नकोस, आता हसायचं!

हो… हो, तो तुला पुन्हा फोन करणार, मला काय माहीत नाही?… काय सांगू म्हणजे? सांग, आई घरी नाही… कुठे गेली विचारलं, तर सांग माहीत नाही… खोटं कसलं त्यात? अगं मलाच माहीत नाहीये!… परत कधी?… तेही माझं मीच ठरवीन… धाकटे, पुरे. ठेव आता. गिअर टाकायचाय, दोन्ही हात लागतात.