‘काऊन’ आणि ‘कोणाच्या’

भूपेश : बाई, हाच प्रश्न तुमी मागच्या रविवारीबी पाठवला होता. ‘बोडीतले मासे काऊन मरतात?’

गोकुळा : मंग? मासे अजून मरूनच राह्यले ना!

(मुलचेऱ्याचं अभ्यासकेंद्र. मत्स्यपालनाचे सर डिशवरून टीव्हीत येतात. विद्यार्थ्यांचे प्रश्न कॉम्प्युटरवरून जातात. गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बायकांच्या गटासोबत मासे पाळणाऱ्या चाळिशीतल्या गोकुळाबाईला टाइप करता येत नाही, म्हणून केंद्राचा भूपेश कीबोर्डवर. मागच्या बाकांवर बाकीचे बसलेत.)

भूपेश : मागच्या खेपेस सर काय बोलले, आठवते?

गोकुळा : गरमी, गाळ, रोग, औषध… सांगतच होते बिचारे. तास सरला.

भूपेश : ‘काऊन’ विचारलं का सर सारं पुस्तक वाचते. गावाची एवढीशी बोडी, तिच्यासाठी एवढं मोठं तळं कायले खोदता? बारीक विचारा. मासे कवापासून मरून राह्यले?

गोकुळा : पोळ्याआधी तो धो-धो पाणी आला नाई का, तवापासून.

भूपेश : बोडीत पाणी कुठून उतरते?

गोकुळा : वरच्या धानाच्या बांध्यायतून.

भूपेश : धानावर फवारा मारला होता?

गोकुळा : तू काय पोलीस आहेस का रे?

भूपेश : सर हेच विचारतीन. कोणाच्या बांधीत मारला?

गोकुळा : गटातल्या बाया म्हणतात, पोचूच्या. त्याचीबी बांधी वरतच आहे.

भूपेश : मी तुमाले विचारून राह्यलो.

गोकुळा : पोचूच्या बायकोले गटातून काढलं बायायनं. बोरिंगवर कोणी बोलत नाई तिच्यासंगं. एकटी पाण्याचा गुंड भरते अन् जाते.

भूपेश : अन् पोचूनं मारला होता फवारा?

गोकुळा : त्याच्याकडे पंप कुठी आहे! पंप त…

भूपेश : पंप त?

गोकुळा : आमच्या घरी आहे.

भूपेश : म्हणजे नथ्थूभाऊनं…

गोकुळा : हळू बोल. मी म्हटलं होतं घरच्यायले, आभाळ भरून आलं, आज आपल्या बांधीत फवारा नोका मारू. ऐकते का तो माणूस! मंग मेलेले मासे पाहून बाया बोडीच्या पारीवर बसून रडल्या, मीबी रडलो. खोटं नाई रडलो, भूपेश. त्या माशायचं बीज मीच सोडलं होतं.

भूपेश : आता काय पाठवू? सर प्रश्न मोठ्यानं वाचते. अन् तुमच्या गटाची मनकर्णाबाई मांगं बसून आहे.

गोकुळा : म्हणूनच त ‘काऊन’ विचारून राह्यलो. ‘काऊन’मंदी कोणाचं नाव घ्या लागत नाई.

भूपेश : मंग तोच ठेवू?

गोकुळा : ठेव. …थांब. सर दहा कारणं सांगतीन अन् बाया त्यातलं पोचूचंच उचलतीन. खोड ते. लिव्ह, ‘फवारा मारल्यावर पाणी आला, औषध बोडीत उतरलं. आता बोडी कशी सुधरावं?’

भूपेश : हां! हा झाला प्रश्न. याले उत्तर भेटते.

गोकुळा : ‘आमच्या बांधीतलं औषध’ असं लिव्ह.

भूपेश : सरांले त्याची गरज नाई, बाई.

गोकुळा : सरांले नाई.

भूपेश : …लिवलं. पाठवू? एकदा गेला का वापस येत नाई.

गोकुळा : पाठव. सर वाचेपर्यंत मी मनकर्णाजवळ जाऊन बसतो.