मानाच्या जोडीला आवतन

जबाब, दि. २३ ऑगस्ट २०२५

माझे नाव भावसिंग हेमला आडे, वय ५४ वर्षे, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय जिनिंगमध्ये हिशेबनीस, रा. बोरगव्हाण, ता. घाटंजी, जि. यवतमाळ.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील गावी कुटुंबासह राहतो व पोळा समितीचा सचिव आहे. मी गोर बंजारा समाजाचा असून फिर्यादी पिंटू किसनराव देठे व गैरअर्जदार शेख निजामुद्दीन शेख चांद या दोघांशीही माझे नाते अगर वैर नाही. निजामुद्दीन यांनी मुद्दाम बैल सोडून पोळ्याचे तोरण तोडले व ते बैल देठे यांच्या अंगणात विनापरवानगी घुसवले, अशी फिर्याद मला वाचून दाखवण्यात आली. त्या वेळी मी तोरणाच्या खांबाजवळ उभा होतो.

आमच्या गावी तोरणाखालून पहिली जोडी निजामुद्दीन यांची जाते. हा मान पूर्वी देठे घराण्याकडे होता, हे दोन्ही घरांना मान्य आहे. बुळकांडीच्या साथीत गावची जनावरे मेली, तेव्हा निजामुद्दीन यांच्या आजोबांच्या एकट्या जोडीने सर्वांची वावरे वखरली आणि पिंटू यांच्या पणजोबांनी स्वतः कासरा धरून ती जोडी तोरणाखाली नेली, असे पिंटू यांचे आजोबा, म्हणजे किसनराव यांचे वडील, सांगत. मी तेव्हा जन्मलेला नसल्याने ही माहिती ऐकीव म्हणून नोंदवावी. पिंटू यांनी यंदा मोबाईलवरील चित्रफिती पाहून हाच मान निजामाच्या धाकाने हिसकावला गेला, असे सांगण्यास सुरुवात केली. मान दिला की घेतला, वाद एवढाच आहे.

दि. २१ रोजी, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, मी वर्गणीची पावती देण्यास निजामुद्दीन यांच्या गोठ्यावर गेलो असता पिंटू यांच्या मातोश्री विमलताई तेथे आल्या. त्यांनी दरवर्षीप्रमाणे बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावली व "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे म्हटले. मुलाविषयी त्या काही बोलल्या नाहीत. निजामुद्दीन यांनीही विचारले नाही.

दि. २२ रोजी दुपारी चारच्या सुमारास तोरणाजवळ डफडे, सनई, घुंगरांचा असा गजर चालू होता की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नव्हते. अंमलदारांनी येथे "जमाव" असे लिहिले होते, ते मी "गावकरी" असे दुरुस्त करून घेतले. पिंटू मानाच्या जोडीला आडवे आले, तेव्हा वाजंत्री थांबली. "चाचा, मांगं घ्या जोडी. निजाम गेला, आता मान कायचा? इतिहास वाचा जरा!" असे ते म्हणाले. त्यावर गावकरी उकंडा मेश्राम यांनी झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ते चिमटे काढणारे गाणे, म्हटली:

"पराटीले लागली बोंडअळी,
मोबाईलनं केली पोरं खुळी!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

"महादेव" सर्वांनी म्हटले. निजामुद्दीन यांनीही म्हटले. लोक हसल्यामुळे पिंटू यांना राग आला व त्यांनी डावीकडील बैलाची वेसण धरून जोरात मागे ओढली. निजामुद्दीन म्हणाले, "बापू, मान तूच घे, पण वेसण सोड. त्याच्या नाकातून रक्त येऊन राह्यलं." पिंटू यांचे वडील किसनराव शेजारीच होते. ते जमिनीकडे पाहत होते.

तेवढ्यात वेसण तुटली. निजामुद्दीन यांच्या हातचा कासराही सुटला आणि दोन्ही बैल उधळले! तोरण शिंगांत अडकून तुटले, आंब्याची पाने माझ्या डोक्यावर पडली. कोणीही त्यांना हाकलले नाही, हे मी शपथेवर सांगतो. जोडी निजामुद्दीन यांच्या गोठ्याकडे वळली नाही. देवळाला वळसा घालून, हनवते यांच्या ओट्याला खेटून, ती सरळ देठे यांच्या दारी गेली व तेथे आपणहून थांबली. आम्ही सर्व मागे धावत होतो. हे सांगताना मी खुर्चीवरून उठलो व हातवारे केले, असे अंमलदारांनी सांगितले. ते खरे आहे.

विमलताई दारात ताट घेऊन उभ्या होत्या. बैलाचे नाक पाहून त्यांनी ताट खाली ठेवले. "आवतन देल्लं होतं मी. यवढा उशीर कायले केला रे?" असे त्या बैलांना म्हणाल्या. मागून पिंटू पोहोचले. तुटलेली वेसण त्यांच्या हातात होती. विमलताई म्हणाल्या, "पिंट्या, ते ठेव अन् पाणी आण."

पिंटू यांनी पाणी आणले. हे फिर्यादीत नमूद नाही, म्हणून मी सांगत आहे.

सदर जबाब संगणकावर टंकलिखित करून मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितलेल्या दुरुस्त्या त्यात झाल्या असून, आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.

समक्ष, सही
(भावसिंग हेमला आडे)