प्रल्हादनं न केलेली चूक

वहिनी, अकोटहून आलेले नातेवाईक, कॉलेजातली मंडळी,

बोलणं जड जातं आहे. तरी बोलतो, कारण माझ्याआधी तिघं बोलले आणि तिघांनीही प्रल्हाद किती नम्र होता एवढंच सांगितलं. नम्र? तो इथल्या कम्प्युटर लॅबचा अटेंडंट होता, आणि कामात माझ्याही चुका काढायचा.

लॅबच्या मुख्य कम्प्युटरवर कंटेनरचं सॉफ्टवेअर त्यानं टाकलं. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात भरलेलं. लिनक्सवर, माउसला हात न लावता, एकेक आज्ञा टाइप करून. मी अमरावतीच्या माझ्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून फोनवर सांगत होतो. जुनं पॅकेज काढ. सॉफ्टवेअर अस्सल आहे का ते ओळखायला, त्याची डिजिटल सही तपासायची किल्ली उतरव. सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं तो पत्ता जोड. मग इन्स्टॉल. प्रत्येक ओळ तो मोठ्यानं वाचायचा, मगच एंटर. मी वैतागलो, "दाब ना बे!" तर म्हणे, "थांबा ना भाऊ. तुमी तिकडं बसून सांगून राहिले, निस्तरा लागन मले."

शेवटी विद्यार्थ्यांच्या खात्याला कंटेनर चालवायची परवानगी द्यायची होती. त्यासाठी ते खातं एका गटात घालावं लागतं. त्या आज्ञेत 'जोड' असं सांगणारं एक अक्षर असतं. ते राहिलं, तर खातं नव्या गटात जातं आणि आधी जोडलेल्या सगळ्या गटांतून बाहेर पडतं. प्रल्हादनं ते अक्षर दोनदा वाचून दाखवलं. दोनदा.

काही महिन्यांनी, ऐन प्रॅक्टिकलच्या परीक्षेत, एकही कंटेनर सुरू होईना. परवानगी नाही. परवानगी नाही. "तूच काहीतरी केलंस," म्हणून विभागप्रमुखांनी प्रल्हादला पोरांसमोर झापलं. लॅबमधून काढून फाटकावर बसवलं.

मला बोलावलं. मी विभागप्रमुखांच्या खात्यातून आत गेलो. कोणी, कधी, कोणती आज्ञा दिली, याची नोंद मशीन ठेवते. आदल्या संध्याकाळी त्याच खात्यातून विद्यार्थ्यांचं खातं दुसऱ्या एका गटात घातलेलं होतं. ते अक्षर नव्हतं. अशा चुकीचा परिणाम पुढच्या लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. आणि सकाळी लॅब कोण उघडायचं? प्रल्हाद.

मी दुरुस्त केलं. विभागप्रमुख सगळ्या प्राध्यापकांसमोर म्हणाले, "या सर, बसा सर, चहा घ्या." मी बारावी नापास. जे येतं ते स्वतः शिकलेलं. मला तोवर कुणी सर म्हटलं नव्हतं. मी बसलो. चहा घेतला.

फाटकावर प्रल्हादनं अडवलं. "भाऊ, तुमाले तं दिसलं असन. कावून नाई बोलले?"

"बोलतो," म्हटलं.

वर्ष गेलं. परवापर्यंत तो फाटकावरच होता.

वहिनी, ती चूक प्रल्हादची नव्हती. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. आज सांगतो आहे, आणि ऐकायला तोच नाही.

सर, तुम्ही पहिल्याच रांगेत आहात. चला, उभे राहू. दोन मिनिटं गप्प राहायचं आहे. आपल्या दोघांना ते जड जाणार नाही.