पंपाचा कागद

रत्नागिरीच्या एका इस्पितळात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते.

“विठू, तुझ्या थोरल्या भावाला झालं काय रे?”

“आप्पाच्या काळजाची उजवी बाजू थकली. आता मानेतून नळी घालून छोटा पंप बसवणार, चार दिवस. तो रक्त पुढं ढकलेल.”

“मग अडलंय कुठं?”

“नर्सबाईंनी पंपाचा कागद पुढं केला, तर आप्पा ओरडला, सही देणार नाही!”

“का म्हणून?”

“सामाईक विहिरीवर पंप बसवायला मी एकोणीस वर्षं त्याची सही मागतोय ना. त्याला वाटलं, तोच कागद.”

“अरे, मग सांगायचंस!”

“सांगितलं की. म्हटलं, ‘आप्पा, विहिरीचा नव्हे, तुझ्या काळजाचा पंप आहे.’ तर मास्क बाजूला करून विचारतो, ‘लाईट कोणाच्या मीटरवर?’”