ताबिशचं हेल्मेट

धनेश : हा कागद घे, तिसरी ओळ वाच.

शीला : 'कोचने स्वतःच्या जबाबदारीवर ताबिशला पुन्हा मैदानात उतरवलं.' पण तू तर त्याला बाहेर काढलं होतंस.

धनेश : पहिल्या टकरीनंतर तो उठला आणि समोरच्या टीममध्ये जाऊन उभा राहिला. विचारलं, आपण कुठे आहोत? म्हणाला, सूर गावाला, घरी. मस्कतमध्ये खेळत होतो, शीला. मी त्याचं हेल्मेट काढून घेतलं, त्याला बाकावर बसवलं.

शीला : मग उतरवलं कोणी?

धनेश : मॅनेजरने. मी रेफ्रीशी बोलत होतो, तेवढ्यात त्याने दुसऱ्याचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं. अर्बाब, क्लबचे मालक, पाहुणे घेऊन आलेत, आपला सगळ्यात चांगला खेळाडू बाकावर कसा, म्हणे. दुसऱ्या टकरीनंतर पोरगं उठलंच नाही.

शीला : आणि खापर तुझ्या डोक्यावर.

धनेश : या कागदावर सही केली तर ऑफिसात टेबलामागे बसवतील. नाही केली तर खलास, व्हिसा रद्द. अमेरिकेत पाच वर्षं दुसऱ्या कोचांच्या हाताखाली बॅगा उचलत हा अमेरिकन फुटबॉल शिकलो. इथे आलो तेव्हा तो लांबट बॉल बघून पोरं हसायची. बारा वर्षं घालवली त्यांना उभं करण्यात. आणि तो मॅनेजर मला विचारतो, एका सहीने तुमचं काय जातं?

शीला : ज्ञानदाची दहावी दोन महिन्यांवर आलीय, धनेश. आता परत जाऊन तिला कुठल्या शाळेत घालणार?

धनेश : म्हणूनच पेन हातात घेतलं होतं.

शीला : मग?

धनेश : आधी हॉस्पिटलात गेलो. ताबिश शुद्धीवर आलाय, पण त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. सफियाभाभी उशाशी होत्या, त्याच्या अम्मी. मॅनेजर त्यांना सांगून गेला होता की कोचनेच पाठवलं. मला म्हणाल्या, 'सर, मी पोरगा तुमच्या हवाली केला होता.'

शीला : त्यांच्या तोंडावर असं खोटं सांगितलं? पोर पडलेलं असताना? लाज कशी वाटली नाही त्या माणसाला? तू काय म्हणालास?

धनेश : काही नाही.

शीला : काही नाही म्हणजे?

धनेश : हा कागद खिशात होता, शीला. गप्प बसलो.

(शीला कागद उभा फाडते.)

शीला : चपला घाल. आधी सफियाभाभींना खरं सांगू. ज्ञानदाला काय सांगायचं ते गाडीत ठरवू.