अप्पा खबर कुणाला देतात

माणूस ओळखण्यात मी कसा फसलो ते सांगतो. बेचाळीस साली धारवाडला, सप्तापुरात आम्ही वाचनमंडळ काढलं. दर रविवारी मी कादंबरी मोठ्यानं वाचायचो आणि शाळकरी मुलींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ऐकायचे. उठताना आम्ही कॉलेजातली मुलं गुपचूप चळवळीची पत्रकं वाटायचो.

एका रविवारी पेन्शनीत निघालेले फौजदार अप्पा येऊन दाराशी बसले. त्या दिवशीचं वाचन कसंबसं पार पडलं. हे खबर काढायला आलेत, अशी आमची खात्रीच झाली. पुढं ते दिसले की मी कादंबरी मिटून पोथी काढायचो. महिनाभर हेच चाललं.

शेवटी त्यांना वाटेत गाठून विचारलं, "अप्पा, इथलं सगळं तुम्ही कुणाला सांगता?"

"आमच्या हिला. तिची दृष्टी गेलीय. कादंबरीत 'मुंद एनातु, पुढं काय झालं,' म्हणून विचारते. मी सांगतो, आज पोथी वाचली. आता तिला वाटतं, मी मंडळात येतच नाही, कुठंतरी पत्ते कुटत बसतो. तूच चल आणि तिला सांग."

विश्वास बसला नाही, तरी गेलो. अप्पांच्या पत्नी अक्का खाटेवर बसल्या होत्या.

"हे येतात तिथं?"

"येतात."

"मग कादंबरी का सोडलीत?"

मी खरं ते सांगितलं, "अक्का, आम्हाला ह्यांची भीती वाटते."

अक्का म्हणाल्या, "तीस वर्षांच्या नोकरीत ह्यांना एक चोर भ्याला नाही. आणि तुम्ही भ्यालात?"